पॅडलला विचारून घेतलेले जोडे

सायकल शिकायला मी सेफ्टी शूज घालून गेलो. पुढे लोखंडी टोपी, खाली ट्रॅक्टरच्या टायरसारखा सोल, आणि वजन असं की फेकून मारला तर कुत्रं सोडा, बैल पळेल.

बचावात एवढंच सांगतो की मी तेच विकतो. रायपूरच्या भनपुरीत आमच्या कंपनीचं ऑफिस आणि गोडाऊन आहे. उरला, बीरगांवकडच्या कारखान्यांना आम्ही सेफ्टी शूज पुरवतो. माझं काम टेक्निकल सेल्सचं. म्हणजे कारखान्यात जायचं, मान खाली घालून फरशी बघायची आणि कुठल्या खात्यात कुठला जोडा चालेल ते सांगायचं. तेल सांडतं तिथे एक सोल, गरम लोखंड पडतं तिथे दुसरा. माझं एक ठरलेलं भाषणही आहे. "पाँव से मत पूछिए, फर्श से पूछिए." पायाचं काय, मऊ लागलं की तो हो म्हणतो. घसरवते ती फरशी. या एका वाक्यावर मी आयुष्यभर पोट भरलं.

असा हा फरशीचा जाणकार पन्नाशी उलटल्यावर चौबे कॉलोनीजवळच्या मैदानात, चालती सायकल थांबवताना, उभ्याउभ्या आडवा झाला.

झालं असं. साध्या सायकलला जे पॅडल असतं त्याला फ्लॅट पॅडल म्हणतात. पाय नुसता वर ठेवायचा, कशात अडकवायचा नाही. माझ्या नव्या सायकलच्या पॅडलवर बारीक पिना होत्या. पाय सरकू नये म्हणून त्या असतात. माझ्या सोलच्या खोल खाचांमध्ये त्या पिना अशा बसल्या, जशी चावी कुलपात. थांबायला पाय खाली टेकवायचा म्हटलं तर पाय सुटेना. तो सुटेपर्यंत जमीनच वर आली. पडताना दुसरं पॅडल फिरलं आणि नडगीवर ओरखड्यांची रांग काढून गेलं. लोखंडी टोपीमुळे बोटं मात्र शाबूत राहिली. त्याची हमी कंपनी देतेच.

आता या वयात सायकल कशाला, ते सांगतो.

माझी बायको मंगला रेल्वेत आहे. प्रमोशन झालं आणि तिला नागपूरला जावं लागलं. मुलगी लग्न होऊन पुण्याला. मी रायपुरात, दोन खोल्या बंद करून तिसरीत राहणारा. पहिले काही महिने फोनवर आम्ही दोघं सारखेच रडके होतो. मग तिनं क्वार्टरपासून ऑफिसला जायला सायकल घेतली. पुढे रविवारी ऑफिसमधल्या बायांबरोबर लांब लांब जाऊ लागली. फोनवरचा आवाजच बदलला.

"अहो, आज आम्ही फुटाळा तलावापर्यंत गेलो होतो. काय हवा होती! तुम्ही काय केलं?"

"मी? खिचडी."

एवढ्यावर माझं आठवड्याचं वृत्त संपायचं.

संध्याकाळी ऑफिसातून निघाली की ती सायकल हातात धरून चालायची आणि मला फोन लावायची. फोनमध्ये मागे तिच्या चाकाची टिकटिक ऐकू यायची. ती टिकटिक चालू असली म्हणजे बाई अजून घरी पोचली नाही, अजून थोडं बोलेल. मग स्टँड लावल्याचा खट्ट आवाज. "बरं, ठेवते." त्या खट्टनंतर आमचं घर एवढं शांत व्हायचं की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकायचो. तिचं घर फार लांब असावं, असं मला रोज वाटायचं. नागपूर लांब म्हणून नाही हो. ऑफिसपासून क्वार्टर लांब असावं, म्हणून.

एकदा ती म्हणाली, "हिवाळ्यात सुटी घेऊन येऊन राहिली मी. तुमच्या त्या नवा रायपूरचे रस्ते कसे मोकळे आहेत! तिथं सकाळी सायकल चालवायची हाय मले."

"चालवू की."

"चालवू? तुम्ही?" ती हसली. वाईट नाही हसली, पण हसली. "तुम्ही स्कूटरवर मागून या. पाण्याच्या बाटल्या तुमच्याजवळ ठेवीन."

त्याच आठवड्यात मी सायकल घेतली. तिला सांगितलं नाही. मला तिच्या मागून यायचं नव्हतं. बाजूनं जायचं होतं. बस, एवढीच अट.

सेफ्टी शूजनं पाडल्यावर मी उलट्या टोकाला गेलो आणि रनिंग शूज घेतले. खाली दोन बोटं जाड फोम. दुकानात चालून पाहिलं तर पाय म्हणाला, वा! पायाला विचारू नका असं जगाला सांगणाऱ्यानं पायाला विचारलं. सायकलवर तो फोम पॅडलभोवती पुरणपोळीसारखा दुमडायचा. जोर मी लावायचो आणि तो फोम गिळायचा. तळव्याच्या मधोमध कळ यायची, चढ आला की पाय हलायचा. त्यात लेसा लांब. एक दिवस उजवी लेस चेनमध्ये गेली आणि मी भाजीवालीच्या टोपल्यांसमोर नमस्कार घालायच्या पोझमध्ये पोचलो.

"का होगे भैया, गिर गेव का?" तिनं विचारलं.

"नाही, टमाटर बघून राहिलो," मी म्हणालो. तिनं खरंच टमाटर पुढे केले. घ्यावे लागले.

सायकलच्या दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "सर, क्लिप वाले शूज़ ले लीजिए, पैर पैडल से चिपक जाएगा." हे बूट खालून पॅडलला कुलपासारखे बसतात. सोडवायला टाच बाहेर झटकावी लागते. शर्यतवाले घालतात, आणि त्याला पॅडलही वेगळं लागतं. मी म्हटलं, "भैया, पैर चिपकने से ही तो गिरा हूँ." शिकाऊ माणसाला पाहिजे तेव्हा पाय ठेवता आला पाहिजे आणि पाहिजे तेव्हा काढता. लग्नात हे चालत नाही, सायकलवर तेच शहाणपण आहे.

मंगलाची सुटी मंजूर झाली. माझ्या नडगीवर अजून पट्टी होती.

त्याच पट्टीनिशी मी बीरगांवच्या एका कारखान्यात गेलो. तिथले सेफ्टी ऑफिसर साहूजी माझे जुने गिऱ्हाईक. त्यांनी मला लंगडताना पाहिलं आणि अख्ख्या खात्याला ऐकू जाईल असे ओरडले, "देखो भाई, जूते वाले सर के ही पैर में चोट! अब बताओ, माल कैसा होगा?"

"घर की बात है, साहूजी. काम बोलिए."

काम खरोखरच माझं होतं. त्यांनी उंचावर चढायला लोखंडी जाळीचे नवे प्लॅटफॉर्म बसवले होते. जाळीच्या पट्ट्यांना वरून दाते, पाय सरकू नये म्हणून. पण आमचे जोडे घातलेली माणसं तिथे अडखळत होती. साहूजींचं म्हणणं, सोल झिजले. मी जाळीवर गेलो, गुडघे टेकून एका कामगाराचा पाय उचलून पाहिला. सोल ठणठणीत होता. तोच तर प्रॉब्लेम होता.

मी भाषण सुरू केलं. "साहूजी, ये खोल खाचावाला सोल मिट्टी और तेल के लिए है. यहाँ ज़मीन ही नहीं है, पट्टियाँ हैं. आधा सोल हवा में रहता है, और दाँते खाचे में घुस जाते हैं. आदमी पैर उठाता है, जूता नहीं उठता. यहाँ चाहिए सपाट सोल. नरम रबर, बारीक डिज़ाइन, कि दाँता कहीं भी टेके, पकड़ ले और छोड़ भी दे. और बीच में शँक, नहीं तो पट्टी तलवे में..."

शँक म्हणजे सोलच्या आत, तळव्याच्या कमानीखाली घातलेली कडक पट्टी. तिच्यामुळे जोडा मधोमध दुमडत नाही. हे मी झोपेतही सांगू शकतो. पण त्या दिवशी 'तलवे में' म्हटलं आणि माझ्याच तळव्यात रनिंग शूजची ती ओळखीची कळ आठवली. मी स्वतःच्याच पायाकडे बघू लागलो.

"क्या हुआ सर?"

"कुछ नहीं. पैडल याद आ गया."

साहूजींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की डोक्यालाही लागलं की काय.

इतके दिवस मी रस्त्याकडे बघून जोडे घेत होतो. रस्ता खडबडीत म्हणून जाड सोल, रस्ता लांब म्हणून मऊ सोल. पण सायकलवर बसलेला माणूस रस्त्यावर उभा नसतोच. त्याची फरशी म्हणजे हाताच्या पंजाएवढं ते पॅडल. फरशीचा जाणकार स्वतःची फरशी चुकला होता.

घरी आलो आणि सायकलचं पॅडल काढायला बसलो. उजवं निघालं. डावं निघेना, कारण त्याचे आटे उलटे असतात. हे मला ते जीव खाऊन घट्ट केल्यावर कळलं. म्हटलं राहू दे. उजवं पॅडल पुसून ऑफिसच्या बॅगेत घातलं आणि दुसऱ्या दिवशी बुटांच्या दुकानात गेलो.

"किसके लिए देखना है?" दुकानदारानं विचारलं.

मी पॅडल काउंटरवर ठेवलं. "इसके लिए."

तो बिचारा हाडाचा सेल्समन. डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला, "साइज़?"

मग मी एकेक जोडा घेऊन पॅडलवर दाबू लागलो. सोल टाचेपासून चवड्यापर्यंत एकसारखा टेकतो का. अंगठ्याचं नख दाबलं तर रबर किंचित दबतं का. नख सरकलं तर रबर कडक, पावसात घसरणार. दोन्ही हातांनी वाकवला तर बोटांपाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. पिनांवर दाबून आडवा ढकलला तर सरकायला नको, सरळ वर उचलला तर लगेच सुटायला हवा. लेस आखूड, किंवा तिचं टोक आत खोचायला जागा. 'सायकलिंग' असं छापलेलंच हवं असं काही नाही. गिऱ्हाइकं जमली. एक आजोबा म्हणाले, "बेटा, पहन के तो देखो." दुकानदार म्हणाला, "दादाजी, पहले पैडल को फिट आने दीजिए."

शेवटी जमला तो कॉलेजातले पोट्टे घालतात तसला सपाट तळाचा जोडा. माझ्या मापाचा एकाच रंगात होता. पोपटी.

त्या पोपटी जोड्यांवर मी रोज पहाटे मैदानात जाऊ लागलो. चवडा पॅडलच्या मधल्या दांड्यावर ठेवायचा, टाच किंचित खाली. पाय जागेवर राहायचा आणि मी म्हणेन तेव्हा निघायचा. साहूजींकडेही जाळीसाठी सपाट सोलचा माल गेला आणि तिथली अडखळायची तक्रार थांबली. साहूजी मात्र अजून विचारतात, "सर, पैडल कैसा है?" धडा एवढाच, की धंद्याचं शहाणपण माणूस गिऱ्हाइकाला वाटून टाकतो आणि घरी रिकामा येतो. थोडं स्वतःसाठी मागे ठेवावं.

मंगला आली. स्टेशनवर तिनं आधी माझे जोडे पाहिले, मग मला.

"हे काय पोपटासारखं?"

"सेल होता," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या दीदींची सायकल तिच्यासाठी मागितली होती. माझी जिन्याखालून बाहेर काढली तेव्हा ती नुसती सीटवर हात फिरवून उभी राहिली. दोन्ही सायकली टेम्पोत टाकून आम्ही नवा रायपूरला गेलो. रुंद रस्ते, धुकं, माणूस नाही. ती साध्या सँडलमध्येच सायकलवर चढली आणि निघालीसुद्धा. मी पाय ठेवला, दाबला, पाय राहिला. पहिल्या वळणापर्यंत मागे होतो. मग चौकाच्या अलीकडे मी तिच्या बाजूला आलो.

बाजूला. मागे नाही.

तिचा श्वास ऐकू येत होता. नागपूरहून तो मला फोनमधून ऐकू यायचा, पण त्याची वाफ दिसत नव्हती. तिच्या कानामागचे केस पांढरे झालेले मी पहिल्यांदा पाहिले. ते माझ्याशिवाय झाले होते. ती रविवारच्या बायांबद्दल सांगत होती, कोण चढावर उतरते, कोण डब्यात चिवडा आणते. मी हं हं करत होतो. सुटी संपत आली की ती ट्रेनमध्ये बसेल, आणि मी पुन्हा संध्याकाळी ती टिकटिक ऐकत बसेन, एवढंच डोक्यात फिरत होतं. पाय घट्ट होता म्हणून असेल, तोंड सुटलं.

"मंगला, बदली माग ना इकडची. मले करमत नाही गं तुझ्याबिगर. बिलकुल करमत नाही."

तिनं दोन-तीन पॅडल मारली, मग ब्रेक दाबून रस्त्याच्या कडेला थांबली. मीही थांबलो. पाय बरोबर खाली आला, पडलो नाही. तिनं पदरानं डोळे टिपले, नाक ओढलं आणि माझ्या पोपटी पायांकडे पाहिलं.

"अहो, फोनवर रोज खिचडी सांगत होते ना मले, त्याच्या जागी हे सांगितलं असतं तर मी कधीचीच बदली मागितली असती, जोडे तरी वाचले असते."