बावीस दिवसांचा पडदा

गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास माधवी खंदारेने फोनवर ‘टोकण यंत्र जिंतूर’ असं लिहून शोध घेतला. समोर दुकानं आली ती चारशे-पाचशे किलोमीटरवरची. तिने बोटाने पान वर सरकवलं, पुन्हा सरकवलं, पार तळापर्यंत गेली. जिंतूरच्याच गोविंदरावांच्या कारखान्याचं नाव कुठंही नव्हतं. त्यांची वेबसाइट माधवीनेच केली होती आणि ती सुरू होऊन आज बावीस दिवस झाले होते.

तेवढ्यात फोन वाजला. गोविंदरावांची सून, श्रद्धा.

“ताई, आज पण एक रिंग न्हाई. मामंजी म्हणायलेत, सोमवारपर्यंत वाट बघू. सोमवारी हितली खुर्ची उचलायची, टेबल नागेशच्या वेल्डिंगला द्यायचं, आन मी घरी.”

“सोमवारी? म्हणजे चारच दिवस?”

“मग? तुमी रोज म्हणायलात, थोडं थांबा, थोडं थांबा. आता किती थांबू ते तरी सांगा.”

“आजच बघते,” माधवी म्हणाली.

श्रद्धा शेतकी पदविका घेतलेली मुलगी. लग्न होऊन तीन वर्षं झाली तरी सासऱ्यांच्या कारखान्यात तिला जागा नव्हती. तिनेच वेबसाइटचा हट्ट धरला होता. हाताने ढकलत नेलं की दातेरी चाकातून एकेक बी जमिनीत सोडणारं गोविंदरावांचं टोकण यंत्र आजूबाजूच्या गावांत नावाजलेलं. पण जिंतूरच्या पलीकडे त्याची खबर नव्हती. पेरणीच्या आधीचा दीड महिना हाच त्याचा हंगाम. वेबसाइटवर जो नंबर आहे तो फोन श्रद्धाने घ्यायचा, या बोलीवर तिला पत्र्याच्या शेडमध्ये एक टेबल आणि खुर्ची मिळाली होती. ती रोज साडेनऊला येऊन बसायची. वेल्डर नागेश येता-जाता विचारायचा, “काय ऑफिसर, लागली का मुंबईची लाइन?”

ती खुर्ची आपल्या वेबसाइटच्या भरवशावर टिकून आहे, हे माधवीला चांगलं माहीत होतं. म्हणूनच तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

माधवी एकतीस वर्षांची. वडील किशनराव एसटीत कंडक्टर होते. परभणीला संगणकाचं शिक्षण, मग पुण्यात तीन वर्षं नोकरी; आई आजारी पडली तेव्हा ती परत आली, आणि आई गेल्यावर वडिलांसाठी राहिली. घराच्या पुढच्या खोलीत तिचं काम चाले. एक मंगल कार्यालय, दोन रोपवाटिका, चारठाण्याला जुनी देवळं बघायला येणाऱ्यांसाठी अंबिकाबाईंनी चालवलेली खाणावळ, अशा चौदा जणांच्या वेबसाइट तिने केल्या होत्या.

तिची कामाची एक रीत होती. साइट तयार झाली की ती स्टँडवर जायची, गाडीची वाट बघत बसलेल्या कुणाच्याही हातात फोन द्यायची आणि म्हणायची, “काका, यात काय दिसतं ते सांगा.” मग गप्प उभी राहायची. माणूस कुठे थांबतो, कुठे वैतागतो, नजर काय शोधते, हे ती वहीत लिहून घ्यायची. गोविंदरावांच्या साइटवर आधी चकचकीत यंत्राचा फोटो आणि मोठा व्हिडिओ होता. पालमच्या गाडीसाठी थांबलेल्या एका शेतकऱ्याच्या फोनवर व्हिडिओ नुसता फिरत राहिला. तो म्हणाला, “येंत्र नवरदेवावानी नटवलंय बाई, पण ते रानात चालतं का?” माधवीने त्याच दिवशी व्हिडिओ काढला. काळ्या मातीत उभं असलेलं, चाकाला चिखल लागलेलं यंत्र लावलं. वर किंमत, आणि खाली फोन नंबर इतका मोठा की चष्म्याशिवाय वाचता यावा. गुगलने माणसाला दारापर्यंत आणावं आणि दारातून आत आलेल्याला पानाने धरून ठेवावं, ही दोन कामं वेगळी आहेत, असं ती नेहमी सांगायची.

साइट अक्षय तृतीयेच्या बारा दिवस आधीच तयार होती. पण गोविंदरावांनी हात आडवा केला होता. “उघडायचं ते मुहूर्तावर. त्याच्या आधी कुणाच्या नजरेला पडलं न्हाई पाहिजे.”

“काका, गुगलला नवीन साइट वाचायला दिवस लागतात. आधी टाकलेली बरी.”

“गुगलच्या घरी पंचांग नसंल, माझ्या घरी हाय.”

माधवीच्या घरी मुहूर्त कुणी पाळत नसे. पण काम ज्याचं, दिवस त्याचा. तिने साइटच्या सेटिंगमधल्या एका चौकटीत खूण केली. ती खूण असली की गुगल त्या साइटकडे बघत नाही. थेट पत्ता ज्याच्याकडे असेल त्याला मात्र ती उघडता येते. तिच्या भाषेत तो पडदा. मुहूर्ताच्या दिवशी पडदा काढायचा, असं तिने वहीतल्या यादीत सगळ्यात शेवटी लिहिलं होतं.

त्या दिवशी शेडमध्ये पाटावर लॅपटॉप ठेवला गेला. हळद-कुंकू वाहिलं. गोविंदरावांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या आणि नागेशने पाटाशेजारीच नारळ फोडला. नारळाचं पाणी थेट अक्षरांच्या बटणांवर. माधवीने किंचाळून लॅपटॉप बंद केला, उलटा धरला, ओढणीने पुसला आणि तसाच काखोटीला मारून घर गाठलं. संध्याकाळी तो सुरू झाला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. पत्ता व्हॉट्सअॅपवर सगळ्या पाहुण्यांना गेला होता, सगळ्यांना साइट दिसत होती, शाबासकी येत होती. नव्या साइटला गुगल दोन-तीन आठवडे लावतंच, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. तो अनुभवच तिला आडवा आला. ती निश्चिंत वाट बघत राहिली.

आज मात्र तिने वही काढली. यादीत सात ओळी होत्या. सहांपुढे खूण होती. सातवीपुढे नव्हती.

तिने साइट उघडली, सेटिंगमध्ये गेली. चौकटीतली खूण जागेवर होती.

काढायला एक क्षण लागला. मग ‘ही पानं वाचून घ्या’ अशी विनंती तिने गुगलला पाठवली. दोन दिवस लागतील, कदाचित दहा. काही न बोलता गप्प बसलं तर कुणालाच कधी कळणार नव्हतं. आठवड्याभराने फोन वाजू लागतील आणि सगळे म्हणतील, माधवीची साइट चालली. फक्त तोवर श्रद्धाची खुर्ची उचललेली असेल. आणि सांगितलं तर? जिंतूरचा बाजार केवढासा. चौदा दुकानांत संध्याकाळपर्यंत बातमी पोचली असती.

दुपारी जेवताना किशनरावांनी तिच्या ताटाकडे पाहिलं. “भाकर तशीच हाय.”

तिने सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, “एकदा मी पालमच्या बाईला गंगाखेडचं तिकीट फाडून दिलं. ध्यानात आलं तवा तिचं गाव अजून यायचं होतं. त्याच टायमाला उठून सांगितलं. सगळी गाडी हसली मला. पण गाव मागं गेल्यावर सांगून तिला काय उपेग होता?”

माधवीने भाकरी अर्धी टाकली आणि चप्पल घातली.

शेडमध्ये पन्नासेक यंत्रं रंगवून ओळीने उभी होती. वेबसाइटच्या भरवशावर जादा केलेली. श्रद्धा टेबलाशी, फोन समोर पालथा. गोविंदराव स्टुलावर बसून एका चाकाचे दात कानशीने घासत होते.

“काका, चूक माझी आहे,” माधवी उभ्यानेच म्हणाली. “साइटवरचा पडदा काढायचा राहिला. बावीस दिवस ती गुगलला दिसतच नव्हती. श्रद्धाला फोन येणार कुठून?”

कानस थांबली. नागेशने डोळ्यांवरची काच वर केली.

“बावीस दिवस?” गोविंदरावांचा आवाज चढला. “अगं, अर्धा हंगाम गेला की! लोक बी-बियाणं घेऊन बसले. आन तू आता सांगायलीस?”

“मला आज कळलं.”

“पडदा लावलाच कशाला व्हता?”

उत्तर सगळ्या शेडला माहीत होतं. नागेश हळूच म्हणाला, “मालक, मुहूर्त...”

“तू गप बस. नारळ तूच फोडलास.”

गोविंदराव पुन्हा चाक घासू लागले, पण उलट्या बाजूने.

माधवीला वाटलं होतं, श्रद्धाचं मन तरी हलकं होईल. श्रद्धा उठली ती रागाने. “मी रोज फोन केला तुम्हाला, ताई. रोज. एकदा तरी नीट बघायचं व्हतं. हितं माझ्या तोंडावर माणसं हसायलीत. मामंजी म्हणायले, ही फोन उचलत नसंल. माझ्या आईला कळवलं माझ्या नणंदेनं, की पोरगी नुसती खुर्ची गरम करायली.”

“चुकलं माझं.”

“चुकलं म्हणून काय करू मी?”

माधवी गोविंदरावांकडे वळली. “काका, हे दिवस तिच्या नावावर धरू नका. पेरणी होईपर्यंत तिला बसू द्या.”

“सोमवार म्हणजे सोमवार,” ते चाकाकडे बघत म्हणाले. “मी बोललो त्ये बोललो.”

शुक्रवारी सकाळी माधवी लॅपटॉप घेऊन पुन्हा शेडमध्ये आली. श्रद्धाने तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. पण स्टूल सरकवलं. शेतकरी काय-काय विचारतात, हे माधवीने तिला विचारलं आणि श्रद्धा घुश्शातच सांगत गेली. बी सोडणारी चकती सोयाबीनला कोणती, तुरीला कोणती. ओल जास्त असेल तर चाकात माती भरते, मग काय करायचं. दोन बियांत किती अंतर. बाईमाणसाला ढकलता येतं का. माधवीने तिचीच वाक्यं, तिच्याच बोलीत, साइटवर प्रश्नोत्तरं म्हणून टाकली. शनिवारी दोघींनी शेताकडेला जाऊन चकती बदलतानाचे फोटो काढले. बोलणं कामापुरतंच. रविवारी दुपारी माधवीने शोध घेतला. काही नाही. संध्याकाळी घेतला. दुसऱ्या पानावर, तळाला, कारखान्याचं नाव आलं होतं. तिने श्रद्धाला फोटो पाठवला. उलट नुसतं ‘बघितलं’ असं आलं.

सोमवारी माधवी दहाला शेडमध्ये हजर झाली. आपल्या देखत खुर्ची उचलली जावी, एवढं तरी आपण सोसलं पाहिजे, असं तिला वाटत होतं. फोन टेबलावर. अकरा वाजले. साडेअकरा. नागेशने आज एकही टोमणा मारला नाही. एकदा फोन थरथरला तेव्हा तिघांनी मान वळवली, नणंदेचा होता. श्रद्धाने कापला.

पावणेबाराला गोविंदराव आले. काखेत पंचांग होतं. ते टेबलासमोर उभे राहिले. श्रद्धाही उभी राहिली आणि पदर सावरून खुर्ची मागे सरकवू लागली.

“आला का फोन?”

“न्हाई, मामंजी.”

त्यांनी स्वतःचा फोन काढला, तोंडाजवळ धरला आणि ओरडून म्हणाले, “टोकण यंत्र जिंतूर!” मग डोळे बारीक करून बोट फिरवत राहिले. बराच वेळ. अखेर बोट थांबलं. त्यांनी एक फोटो उघडला. त्यात श्रद्धाचे हात चकती बसवत होते. खालची उत्तरं त्यांनी ओठ हलवत वाचली.

“ओल जास्त आसंल तर चाकाला राख लावायची, हे तुला कुणी सांगितलं?”

“तुमीच सांगत व्हता गिऱ्हाइकाला. ऐकलं मी.”

पंचांग टेबलावर उघडून त्यांनी एका ओळीवर नख टेकवलं.

“आज बारानंतर अमावस्या लागायली. दिवस देताना मी बघितलं न्हवतं. अमावस्येला बसलेलं माणूस उठवत न्हाईत.”

“मग उद्या?” श्रद्धाने विचारलं.

“उद्या दुपारपर्यंत हायच की ती. पुढं चांगला दिवस दिसंना मला. पेरण्या होऊ दे, मग बघू पंचांग.” ते वळले, दोन पावलं गेले आणि माधवीकडे न बघता म्हणाले, “आन तुझ्या त्या गुगलला सांग, आता लवकर वाच म्हणावं.”

नागेशने काच डोळ्यांवर ओढली, पण तो हसतोय हे खांद्यांवरून दिसत होतं.

श्रद्धा खाली बसली. तिने फोन सुलटा करून ठेवला, माधवीकडे पाहिलं आणि म्हणाली, “माझा राग गेला न्हाई अजून.”

“माहीत आहे.”

“चहा घेणार?”

बुधवारी, सव्वाचारला, पालमकडच्या एका गावातून पहिला फोन आला. बाईमाणसाला यंत्र ढकलता येतं का, असं एक बाईच विचारत होती.