एका नंबरावर एकच सही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे सह्या गोळा करणं. माझ्या बायकोसारखी सह्या गोळा करणारी बाई अख्ख्या दोहा शहरात झाली नाही आणि होणारही नाही. मी चौथी शिकलेला, जन्म एसटीच्या वर्कशॉपात गेला, म्हातारपणी मुलाकडं कतारला आलो, तरी एवढं छातीवर हात ठेवून सांगतो.

आमच्या मराठी मंडळाची निवडणूक होती. आमच्या वरच्या मजल्यावरची नाशिकची पोरगी उभी राहणार होती. निवडून आले तर शुक्रवारी मुलांना मराठीचा वर्ग काढीन, असं तिनं हिला कबूल केलं होतं. आमची नात हिला इंग्रजीतच उत्तर द्यायची, ते हिला फार लागायचं. अर्जावर दहा सूचकांच्या सह्या हव्या होत्या. प्रत्येकाचं नाव, घराचा पत्ता आणि वेगळा मोबाईल नंबर. एका नंबरावर एकच सही.

ही कुणावर विश्वास ठेवील तर शपथ. दारावरची निळी पाटी स्वतः वाचून झोन, रस्ता, बिल्डिंग उतरवून घ्यायची. म्हणायची, "माणूस दर महिन्याला भाडं भरतो, पण घराचा नंबर विचारला की छताकडं बघतो." नंबर मिळाला की तिथंच फोन लावायचा. समोर वाजला नाही तोवर ही सोफ्यावरून उठायची नाही. मन्सूरा भागात एका पुणेकराच्या घरी लावला, तर वाजला स्वयंपाकघरात. बिचाऱ्याला स्वतःचा नंबर आठवेना, बायकोचाच सांगून बसला होता. मला वाटलं आता ही झापणार. ही म्हणाली, "बायकोचा नंबर पाठ आहे ना? मग माणूस बरा आहे." पत्त्याच्या रकान्यात तर काय काय लिहायची! "बेल बंद आहे, दार वाजवा. दुपारी बाळ झोपतं." निवडणूक अधिकारी हात जोडून म्हणाले, "काकू, एवढं नको हो." ही म्हणाली, "मग निरोप पोचायचा कसा?"

नऊ सह्या झाल्या, दहावी हिची. मलाही करायची होती, पण माझ्याकडं फोनच नाही. दवाखान्यात, शिंप्याकडं, सगळीकडं माझा म्हणून हिचाच नंबर. ही म्हणायची, "घ्या की एक." मी म्हणायचो, "मला कोण करणार? तू तर समोरच असतेस." अर्ज द्यायला निघालो, त्या संध्याकाळी जिने उतरताना ही दोनदा थांबली. मी म्हटलं, यल्ला, चल लवकर. तेवढं नसतं म्हटलं तर बरं झालं असतं.

अर्ज दिला आणि आठवड्यात ही गेली. गावी नेऊन दिवस उरकले, मुलाबरोबर परत आलो. हिचा फोन मी रोज चार्जिंगला लावायचो. का, ते विचारू नका.

महिन्याभरानं छाननी लागली. छाननीला अधिकारी दुसरे, नवे आले होते. एका दुपारी फोन वाजला. "काकूंना द्या, सही त्यांचीच ना, एवढंच विचारायचंय."

"नाही देता येत. वारली ती."

ते हळूच म्हणाले, "काका, माफ करा. पण मग एक सही कमी पडते. उद्या सकाळपर्यंत दुसरी चालेल."

संध्याकाळी वरची पोरगी खाली आली. डोळे लाल. "काका, राहू द्या. मी नाव मागं घेते."

"गप," म्हटलं मी. "तिचे गुडघे काय फुकट झिजले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली. खाली जाऊन निळी पाटी उतरवून घेतली, एकेक आकडा बोट ठेवून. मंडळात जाऊन सही केली आणि मोबाईलच्या रकान्यात मला आयुष्यात पाठ असलेला एकुलता एक नंबर लिहिला. अधिकारी म्हणाले, "काका, हा तर काकूंचा."

"आता माझा आहे. लावून बघा. ती लावूनच बघायची."

त्यांनी लावला. माझ्या खिशात वाजला. माणूस हातभर अंतरावर बसलेला, तरी मी फोन कानाला लावला आणि म्हणालो, "हां, बोला."