दारातला बर्फ

रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी दारच उघडेना. इथे परदेशात माझ्याकडे राहायला आलेल्या आईने खिडकीच्या कट्ट्यावरचा ताजा बर्फ वाटीत काढला, त्यावर गावाहून आणलेलं कोकम सरबत ओतलं आणि म्हणाली, “खा गं, तेवढाच दारातला कमी होईल.”

लहानपणी गोळेवाल्याची घंटा वाजली की बर्फासाठी मी अनवाणी घराबाहेर पळायचे. आता बर्फच दारात येऊन बसलाय आणि बाहेर पाऊल टाकू देत नाही. जिभेवर मात्र तो अजून तसाच, बिचारा, लगेच विरघळणारा.

वाटी संपल्यावर पाहिलं, तर कट्ट्यावरचा खळगा पुन्हा भरला होता.

“माझं परतीचं तिकीट कधीचं गं?” आईने विचारलं.

तिचं मला पाठ होतं. माझं काढलेलंच नव्हतं.