मॉपची माशी

ड्यूई क्रिस्पला मूठमाती देऊन ऑरव्हिल टीग घरी आला, कोट न काढताच बसला आणि मासे फसवायची खोटी माशी बांधायला लागला. टेबलावरच्या शिकंज्यात बारका गळ, त्यावर पितळी मणी, आणि फरशी पुसायच्या मॉपचा एक मऊ, हिरवट, बोटाएवढा झुपका कापून वर दोऱ्याचे सात-आठ वेढे. संपलं! ना पीस, ना पंख, ना जुन्या मासेमारांची कलाकुसर. पण डोंगरातल्या त्या गार नदीतले ट्राउट मासे तिच्यावर असे तुटून पडत की विचारू नका.

तेच खुपलं होतं ड्यूईला. चाळीस वर्षांचा सोबती, पण तीन वर्षांपूर्वी मासेमारी क्लबच्या स्पर्धेत ऑरव्हिल या माशीवर जिंकला आणि ड्यूई सगळ्यांदेखत कडाडला, "लाज नाही वाटत? मासे धरायला आलायस की लादी पुसायला?"

"माशाला विचार की, त्याची काही तक्रार आहे का!"

लोक खो-खो हसले आणि बोलणं बंद झालं ते झालंच. सत्तरीतले दोन म्हातारे आणि शाळकरी पोरांसारखा अबोला! काय म्हणावं या माणसांना?

मासेमारीचा हंगाम उघडला की सोबत्याला आपल्या हातची एक माशी द्यायची, ही तिथली रीत. ऑरव्हिलने ती मोडली नाही. दर एप्रिलला मॉपची एक माशी ड्यूईच्या टपालपेटीत टाकायचा आणि एकटाच पाण्यात उभा राहायचा. उत्तर कधीच आलं नाही. आणि माणूस गेला की त्याच्या डबीतल्या माश्या ज्याने दिल्या त्याला परत जातात, हीही रीतच. कोऱ्या करकरीत परत आल्या तर?

दार वाजलं. ड्यूईची मुलगी लोरीन, हातात अंत्यविधीच्या जेवणातला उरलेला केक आणि एक डबी.

"काका, तुमच्या तीन."

त्याने झाकण उघडलं. तिन्ही माश्यांच्या पार चिंध्या झालेल्या. ट्राउटच्या दातांनी कुरतडून मॉपचे नुसते धागे उरले होते.

"दर मंगळवारी जायचे बाबा, खालच्या डोहावर. म्हणायचे, ऑरव्हिलला सांगितलंस तर बघ!"

मंगळवारी ऑरव्हिल वरच्या डोहावर असायचा. मध्ये नदीचं एक वळण, बस्स.

"अरे गाढवा, एक हाक मारायची होतीस रे!" तो म्हणाला आणि ढसाढसा रडला. हाक त्यानेही मारली नव्हती.