उंबऱ्यावरचं स्टेशन

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. रेडिओला अँटिना लावायची ठरलेली रक्कम साडेतीनशे रुपये, तार आणि मजुरी धरून. हजर वडील, मी, बायको आणि मेकॅनिक.

मंठ्यात एफएम जेमतेम पोचतं, त्यात आमच्या घरावर स्लॅब. नजर गेल्यापासून वडिलांना रेडिओचीच सोबत, आणि त्यांच्या खोलीत तो नुसता खरखरायचा. आई दुपारी त्या खोलीच्या उंबऱ्यावर डाळ निवडत बसायची, तेवढा वेळ स्टेशन स्वच्छ लागायचं. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात. आई म्हणायची, मी उठले की ह्यांची गाणी जातात. मेकॅनिकला यात नवल वाटलं नाही. माणूस आडवा आला की लहरी वळतात, म्हणाला. उन्हाळ्यात आई गेली. मग उंबऱ्यावर कोणी बसलं नाही.

त्याने गच्चीवर अँटिना बांधला आणि तार खोलीत आणली. खरखर पार गेली. मला बरं वाटलं. वडिलांनी मात्र ताट बाजूला सारलं. रात्री जेवले नाहीत, सोमवारीही नाही. कारण विचारलं तर उंबऱ्याकडे तोंड करून म्हणाले, "एकसारखंच वाजून राह्यलं. तुही माय कवा आली, कवा गेली, कळतच न्हाई."

मी बायकोकडे पाहिलं. उन्हाळ्यापासून दुपारी मधेच तासभर रेडिओ साफ लागतो, हे तिला माहीत होतं. मी त्या वेळी कामावर असायचो. मला कोणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी मेकॅनिकला परत बोलावलं.

"काका, लोक खरखर काढायला बोलावतात, तुम्ही घालायला बोलावून राह्यले," म्हणत तो वर चढला. तार सुटली आणि खोलीत खरखर भरली. खाली येऊन तो बाहेरच्या खोलीत पैशांसाठी थांबला. मी वडिलांजवळून उठलो, दाराकडे दोन पावलं टाकली, आणि खरखर थांबली. गाणं लागलं. उंबरा रिकामा होता.

मी मागे सरकलो. गाणं चालूच राहिलं. पलीकडे मेकॅनिकही जागचा हलला नाही. वडिलांनी चाचपडत ताट जवळ ओढलं आणि भाकरी मोडली.

मेकॅनिक अंगणातून वळसा घालून खिडकीशी आला. लावायचे साडेतीनशे आणि काढायचे शंभर, असे साडेचारशे रुपये मी त्याला गजांमधून दिले.