पार्बताबाईची ओटी

पार्बताबाईला आनंद झाला की तो तिच्या एकटीच्या अंगात मावत नसे. गाईला कालवड झाली तेव्हा तिने आधी वेशीपर्यंत जाऊन सगळ्या बोरखेडला सांगितलं आणि मग घरी येऊन नवऱ्याला. नवरा पुंजाराम, जातीचा माळी आणि स्वभावाचा मुका. तो म्हणायचा, “ते बोलते, मी मोट हाकलतो. दोघाइचं बी काम चालू रायते.”

ते वर्षच मुळी वेड लावणारं होतं. सातासमुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि अकोल्या-अमरावतीच्या बाजारात वऱ्हाडच्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता. बोरखेडच्या महादेवराव पाटलांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. बैल बिचारे लाजून मान खाली घालून चालत, पाटील मात्र मान वर करून. जो तो कापूस पेरत होता आणि जो तो वेचणारे हात शोधत होता. मोठे मिळाले नाहीत तर लहान.

लहान हात गावाला आयतेच मिळाले. उन्हाळ्यात आगगाडीच्या भरावावर पटकीची साथ आली. मातीकामाला लांबलांबून आलेली माणसं पालांमध्येच गेली आणि लेकरं मागे राहिली. बोरखेडच्या लोकांनी ती आणली, घरोघर एकेक ठेवून घेतलं, भाकर दिली. वाईट नव्हतं हो गाव. फक्त भाकरीपाठोपाठ हातात टोपलंही दिलं, आणि त्यात काही चुकतंय असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. पार्बताबाईच्याही नाही. तिच्या वाट्याला आठेक वर्षांची जमुना आली होती आणि ती तिला खुशाल वांग्याच्या वाफ्यात राबवत होती.

एके दिवशी भाजी विकून परतताना पार्बताबाईला जमुना चावडीच्या भिंतीला पाठ लावून उभी दिसली. डोक्यावर गवताचा भारा तसाच. आत त्र्यंबकपंत पंतोजी दोन-तीन पोरांना पाढे सांगत होते. घाटावरून आलेला हा माणूस. वऱ्हाडी बोली कानावर पडली की त्याच्या कपाळाला आठी पडे, पण शिकवायचा जीव ओतून. आतली पोरं अडखळत होती आणि बाहेर जमुना घडाघडा म्हणत होती.

“वं पोरी! तुले येते?” पार्बताबाई ओरडलीच. “आन् हे कायले पाठ करून राहिली तू?”

जमुना घाबरली. मग हळूच म्हणाली, “मले लिवनं शिकाचं हाय. माह्या मायचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. रोज रात्री म्हनतो मी, पन परवा बापाचं नाव लवकर आठवलंच नाई. इसरून गेली त कोनाले पुसू?”

पार्बताबाईने तिच्या डोक्यावरचा भारा खाली उतरवला. कोणाला विचारणार? सगळ्या गावात ती नावं ठाऊक असलेलं हे एकच डोकं होतं. घरोघरच्या बाकीच्या लेकरांचंही तसंच.

ती तडक पंतोजींसमोर जाऊन उभी राहिली. पण पंतोजींनी गाठोडं बांधायला काढलं होतं. मुलांच्या घरून मिळणाऱ्या शिध्यावर त्यांचं पोट, आणि मुलं तर कापसाच्या वेच्याला निघालेली. अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने त्यांना लिहिण्याच्या कामाला बोलावलं होतं.

“बाई, मला हौस नाही जायची,” ते म्हणाले. “पण शाळा कोणाला घेऊन भरवू? आणि ही भरावावरची मुलं चावडीत बसवली तर गाव विचारणार, जात कोणती, गोत कोणतं.”

“चावडीत नाई त माह्या मळ्यात बसवा! आंब्याखाली! वांग्याइले कोनाची जात नाई समजत!”

पंतोजींना हसू आलं. “जागा झाली. पण मुलं कोण सोडणार?”

तेच विचारायला ती घरोघर फिरली. सगळीकडे एकच ऐकू आलं: वेचा होऊ दे, मग पाहू. आणि वेचा संपायचा तोवर पंतोजी अमरावतीला रुजलेले असायचे.

मग सीतादहीचा दिवस उजाडला. कापसाच्या पहिल्या वेच्याआधी वावरात पऱ्हाटीची, कापसाच्या झाडाची, पूजा करायची, दहीभात शिंपडायचा, एका सवाष्णीने पहिली बोंडं वेचायची. बोरखेडची रीत अशी की मग मालकाने स्वतःच्या हाताने तिची ओटी कापसाने भरायची. ती भरल्यावाचून दुसऱ्या कोणी बोंडाला हात लावायचा नाही. पाटलाच्या वावरात हा मान पार्बताबाईचा. तिचा हात लागला की बोंडं भराभर फुटतात, असा बायांचा समज होता. तो बहुतेक तिनेच पसरवलेला.

दव अजून पानांवर होतं. वावर पांढरंशुभ्र फुललेलं. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बाया आणि लेकरं टोपली घेऊन ताटकळत उभी, पलीकडे कापूस न्यायला आलेल्या बैलबंड्या. पार्बताबाईने पहिली बोंडं वेचली. पाटील ओंजळभर कापूस घेऊन पुढे आले.

पार्बताबाईने पदर घट्ट आवळून धरला.

“पदर पसर न वं, पार्बताबाई!”

“नाई पसरत.”

पुंजारामच्या तोंडातली सुपारी तिथेच थांबली.

“काहून? का झालं?”

“कापसानं नाई भराची यंदा माही ओटी. लेकराइनं भरा, पाटील. भरावावरचं एकेक लेकरू रोज दुपारपासून माह्या मळ्यात पंतोजीपाशी बसन, अन् ज्याच्या घरी ते लेकरू, त्याच्या घरून पंतोजीले शिधा जाईन. हाव म्हना, का पसरलाच पदर!”

“डोस्कं फिरलं का तुहं? बंड्या उभ्या हायेत माह्या!”

“उभ्या राहू द्या. मी बी उभीच हावो.”

तिला असं वाटत होतं की आत्ता आपण आभाळालाही हात लावू. सूर्य वर चढू लागला. बाया एकमेकींकडे बघून पदराआड हसू लागल्या. रीत मोडून बोंडाला हात लावायची छाती एकीचीही होईना. खरं सांगायचं तर कोणाला लावायचाही नव्हता.

तेवढ्यात पुंजाराम खाकरला. लोकांनी चमकून पाहिलं. “पाटील,” तो म्हणाला, “दुपारच्या उन्हात पाला चुरते अन् कापसात कचरा जाते. तसंबी दुपारचं वेचू नाईच.”

पाटलांना माघार घ्यायला वाट हवी होती, ती मिळाली. “हे पयलेच सांगाचं न!” ते खेकसले. “जा, देल्ले लेकरं! माहं देल्लं, सगळ्याइचे देल्ले! आता त पसर!”

पार्बताबाईने पदर पसरला, कापूस झेलला, वावरभर जल्लोष उठला. आणि मग तिने कपाळावर हात मारला. इतक्या धांदलीत ती पंतोजींना थांबायला सांगायचंच विसरली होती! गावभर बडबडणारी बाई, आणि नेमकं ज्याला सांगायचं त्याला सांगितलं नव्हतं. अमरावतीच्या वाटेवर धूळ उडत होती. पंतोजींची बंडी निघाली होती.

“पोट्टेहो, पया! पंतोजी चालले!”

भरावावरची सगळी लेकरं टोपली टाकून सुटली. पऱ्हाट्यांतून, धुऱ्यांवरून, काट्याकुट्यांतून. सर्वांत पुढे जमुना, मागे ओटीतला कापूस उधळत पार्बताबाई. पोरांनी बैलांची शिंगं धरली, चाकं धरली, एकाने तर पंतोजींचं धोतर धरलं.

“अरे, सोडा! काय प्रकार आहे हा?”

“शाळा हाय!” पार्बताबाई धापा टाकत म्हणाली. “तुमची!”

पंतोजींनी त्या घामेजल्या तोंडांकडे पाहिलं. उपरण्याने डोळे पुसले आणि गाडीवानाला म्हणाले, “बंडी फिरव न रे बाप्पा.” वऱ्हाडीत म्हणाले. त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

दुपारी आंब्याखाली पंतोजींनी धूळपाटी मांडली. फळीवर विटेचा भुगा पसरला, जमुनाचं बोट धरलं आणि तिने सांगितलेली नावं एकेक करून गिरवून घेतली. मायचं, बापाचं, गावाचं. पुन्हा पुन्हा, तिचं बोट आपलं आपण चालायला लागेपर्यंत. पार्बताबाईला एक अक्षर कळत नव्हतं, पण ती गुडघ्यांवर बसून असं पाहत होती की जणू वाफ्यात पहिला कोंब फुटतोय.

“शाबास. आता पूस,” पंतोजी म्हणाले. “पाटी एकच आहे, दुसऱ्याला द्यायची.”

जमुनाने दोन्ही हात पाटीवर आडवे धरले. “नाई पुसत.” डोळे भरून आले होते. “पुसलं त जाईन ते.”

पार्बताबाईने पोरीला जवळ ओढलं.

“कुठी जाते वं बाई,” ती म्हणाली. “पूस अन् पुन्ना लिव.”

जमुनाने तळव्याने भुगा सारखा केला. मग नाक ओढलं, बोट टेकवलं, आणि कोणीही हात न धरता बापाचं नाव लिहिलं.