जाड कानस

काकांचा उजवा पाय गुडघ्याखाली सहा बोटं ठेवून कापावा लागला, तेव्हा ते गव्हाणकडच्या एका मिठागराचे मुकादम होते. मिठाची होडी आणि धक्क्याचा दगड यांच्यामध्ये पाय सापडला होता. पनवेलला अजून रेल्वे आली नव्हती. पावसाळाभर काका-काकी आमच्या पनवेलच्या घरी राहिले.

भाद्रपदात मालकाच्या दिवाणजीचा निरोप आला. दिवाळीनंतर बांधाची कामं सुरू होतील. पहिल्या सोमवारी मुकादमांनी बांधावरून उघाडीपर्यंत, म्हणजे भरतीचं पाणी आत घेण्याच्या झडपेपर्यंत, चालत जावं आणि परत यावं. जमलं तर जागा त्यांची. नाहीतर दुसरा माणूस ठरलेला आहे. बांध दीड हात रुंद, ओल्या मातीचा. कुबड्या त्यात रुतत.

लाकडी पाय करून द्यायला गावातला एक मेस्त्री कबूल झाला. तो बैलगाडीची चाकं करी. सगळं आयुष्य बाभळीचं लाकूड वाकसानं तासण्यात गेलेलं. पाय मात्र हलका हवा म्हणून त्यानं शिवणीचा ओंडका घेतला. बाहेरचा आकार दोन दिवसांत झाला. काकांचा उरलेला पाय जिच्यात बसायचा ती आतली खोबण राहिली. पटाशीनं खणलं की बारीक कंगोरे राहतात आणि ते हाडाला लागतात. ते काढायला आत शिरेल अशी कानस पाहिजे होती. त्याच्याकडची झिजून गुळगुळीत झाली होती. पनवेलच्या दुकानात सपाट कानसच मिळे, आणि चाकं करणाऱ्या इतर सुतारांना आत शिरणाऱ्या कानसेचं काही काम पडत नसे.

मी तेव्हा मुंबईत एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होतो. शनिवारी रात्री पनवेलला येई, सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं परत जाई.

"छापखानेवाले, एक काम करा," मेस्त्री म्हणाला. "मुंबईवरनं कानस आना. अर्धगोल. जाड पायजे. बारीक नको. बारीक आनलीत तं काकीस द्या, नारल किसाया."

मी कागदावर लिहून घेतलं: अर्धगोल, जाड, बारीक नको.

नागदेवीच्या गल्लीतल्या दुकानात मधल्या सुटीत गेलो. दुकानदार म्हातारा बोहरी होता. त्यानं आधी विचारलं, "लोखंडाला की लाकडाला?" लाकडाला म्हटल्यावर त्यानं एक अर्धगोल कानस पुढे ठेवली. सडपातळ, करंगळीपेक्षा थोडी रुंद. तिच्यावर रेघा नव्हत्या. एकेक दात सुटा उठवलेला होता, कारल्यासारखा.

"ही घ्या. लाकूड खाते."

"बारीक नको," मी म्हणालो.

"ही बारीक?"

"ही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि कानस मागे ठेवली. मग एक लोखंडी गोळा काढला. लिंबाएवढा, सगळीकडे दात, मागे दांडी. ड्रिलमध्ये बसवून फिरवायचा. "खड्डा करायचाय ना? हे नवीन आलंय." माझ्या कागदावर गोळा नव्हता. शेवटी त्यानं तिसरी आणली. अर्धगोल, अंगठ्यापेक्षा जाड, हातात वजन लागणारी, अंगावर दाट रेघा. "यापेक्षा जाड नाही," तो म्हणाला. ती मी घेतली.

हा त्या सोमवारच्या आधीचा शनिवार होता. रविवारी सकाळी काकांना घेऊन मेस्त्रीच्या मांडवात गेलो. त्यानं कागद सोडला, कानसेवरून अंगठा फिरवला.

"ही काय आनली?"

"जाड. तुम्हीच म्हणालात."

"आरं, दात जाड! अंग जाड घेऊन काय करू? ही लोखंडाची हाय. शिवणीत घातली का दोन घासांत भुश्यानं भरंल."

काका बाकावर बसले होते. "मिठागरात जन्म घेतलास," ते मला म्हणाले. "जाडं मीठ म्हंजे लांबरुंद मीठ का रं?"

मेस्त्री हसला. काकाही हसले. मी दुकानातल्या बाकीच्या दोन वस्तूंचं वर्णन केलं. ते ऐकल्यावर मेस्त्रीचं हसणं थांबलं.

"त्यातलं काय बी आनलं असतंत तरी भागलं असतं."

त्या दिवशी मुंबईतलं दुकान बंद होतं. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. मेस्त्रीनं पटाशी लावली, मग कंदिलाच्या फुटक्या काचेनं खरवडलं. मी आणलेली कानस जाड, ती खोबणीत अर्ध्यापर्यंतच जाई. पुढच्या बाजूला, नडगीच्या हाडासमोर, एक उंचवटा राहिला. बोटाला लागे, दिसत नसे. काकीनं जुन्या लुगड्याच्या चार घड्या घातल्या. घड्यांमुळे पाय खोबणीत पूर्ण उतरेना.

"चालंल," काका म्हणाले. "येवढं तं चालायचं हाय."

सोमवारी मी कामावर गेलो नाही. बैलगाडीनं मिठागरावर पोचलो तेव्हा दिवाणजी छत्री टेकून उभा होता. काका बांधावर चढले. उघाडीपर्यंत गेले, झडपेच्या फळीला हात लावला, वळले. परतताना निम्म्यावर थांबले. मी पुढे झालो.

"येऊ नको," ते ओरडले. "तू धरलंस तं मोजनार नाय."

मी जागीच उभा राहिलो. त्यांनी अजून सात पावलं टाकली आणि मग बांधावर खाली बसले. घड्यांतून रक्त आलं होतं.

दिवाणजीनं त्यांना प्यायला पाणी दिलं. "मुकादम, या साली आराम करा," तो म्हणाला. तो चांगलं बोलला. दुसरा माणूस त्याच संध्याकाळी रुजू झाला.

पुढच्या शनिवारी मी ती सडपातळ कानस आणली. मेस्त्री रविवारी स्वतः घरी आला. काकांच्या जखमेवर अजून पट्टी होती, म्हणून लाकडी पाय स्वतःच्या मांडीवर आडवा घेऊन त्यानं बोटानं उंचवटा शोधला आणि कानस चालवली. शिवणीचा पांढरा भुसा ओटीवर पडला. काकीनं चहा ठेवला होता. तो उकळायच्या आत काम झालं होतं.

पंधरा दिवसांनी जखम भरली. काकांनी पाय चढवला, घड्या न घालता. ते ओटीवरून अंगणात उतरले, विहिरीपर्यंत गेले, परत आले.

"आता बसला," ते म्हणाले.

"दुखतंय?" काकीनं विचारलं.

"नाय. अजाबात नाय."

ते पुन्हा विहिरीपर्यंत गेले.